नळीवर माझं नाव

६ जानेवारी

बायोकेमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल म्हणजे काय? भांडी घासणं! नळ्या घासा, उकळत्या पाण्यात धरा, रंग बघा, पुन्हा घासा. वर सानप सर म्हणतात, "पुस्तकातलं लिहू नका, नळीतलं लिहा." सगळा वर्ग सीनियरच्या जर्नलमधून उतरवतो, हे त्यांना काय ठाऊक नाही?

उद्या लघवीतली साखर तपासायची. नमुना ज्याचा त्यानं आणायचा. आणि माझी आजच पाळी आलीय! सरांना कोण सांगणार? शेवटी रूममेटला, सुकन्याला गळ घातली. "शी गं!" म्हणाली, पण सकाळी देते म्हणाली.

७ जानेवारी

सगळ्यांच्या नळ्या निळ्या. माझी विटकरी लाल! पार्थ ओरडला, "स्नेहल, लई गोड गं तू!" वर्ग खदखदला. सरांनी पुन्हा करायला लावलं. पुन्हा लाल. सर हसले नाहीत. बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "साखर भरपूर आहे. उद्याच रक्त तपासून घे." मी नुसती मान हलवली. नमुना माझा नाही, एवढंसुद्धा तोंडातून निघेना.

सुकन्या केवढं पाणी पिते! किती वाळलीय! आईबाप कोपरगावकडे ऊसतोडीला. कळलं तर शिक्षण सोडवून घरी नेतील तिला. जेवताना तिच्याकडे बघवेना.

८ जानेवारी

नाही सांगितलं. भित्री कुठली!

९ जानेवारी

दिवसभर डोक्यात एकच. रंग बघितला, वहीत लिहिला, नळी धुतली, की आपण मोकळे. तो कुणाच्या तरी अंगातला असतो, हे इतक्या प्रॅक्टिकलांत मला कधी सुचलं नाही.

संध्याकाळी सांगून टाकलं. सुकन्यानं कपाळावर हात मारला. "अगं, ते माझं न्हवतंच! मला लई लाज वाटली. मेसमधल्या कडूबाईंना मागितलं. त्या हसल्या — घे की बाई, त्यात काय लाजायचं!"

मला हायसं वाटलं. खरंच वाटलं! सुकन्याला काही झालेलं नाही, एवढंच कळलं आधी. मग कडूबाई आठवल्या.

१० जानेवारी

सकाळीच दोघी मेसमध्ये गेलो. कडूबाई नाहीत. पायाची जखम भरेना म्हणून गावी गेल्यात — परवा दुपारी, मला भाकरी वाढून. फोन लागत नाही.