अर्धी विणलेली टोपी

तायडे,

तुझी आई आतल्या खोलीत झोपली आहे, दार आपटू नकोस. तिच्या तपासणीचा रिपोर्ट आज दवाखान्यातून फोनवर कळवणार आहेत. फोन मुद्दाम ओट्यावर ठेवून मी कुत्र्यांना घेऊन तळ्याकडे चाललोय. तूच उचल. माझ्याच्याने होणार नाही.

सूपमध्ये मीठ दोनदा पडलंय. बटाटा घातलाय, तो काढून टाक. "विणत बसा, स्वयंपाक करा, कुत्री फिरवा, मन शांत होईल" असं तूच म्हणाली होतीस ना? डोंबलाचं शांत! सकाळपासून इतकं फिरवलंय की आता पट्टा दिसला की दोघंही पलंगाखाली शिरतात. ओढतच नेतोय.

लोकरीच्या टोपलीत तळाशी एक निळी टोपी आहे, अजून सुयांवरच. आईला दाखवलेली नाही. औषधांनी केस गेलेच तर हाताशी असावी, म्हणून विणायला घेतली.

मी आल्यावर तोंडाने काही सांगू नकोस, आई ऐकेल. रिपोर्ट चांगला असला, तर टोपी उसवून लोकरीचा गुंडा खिडकीत ठेव. मी फाटकातूनच बघेन.

गुंडा दिसला नाही, तर मी आणखी एक चक्कर मारून येईन. तोवर तिला उठवू नकोस.

– बाबा