कोपऱ्यातलं कोहळं

२४ सप्टेंबर, बुधवार

धरलं! कोहळं धरलं!

आधीची फुलं सगळी गळून पडली, हे एक टिकलं. अपेक्षाने गेल्या आठवड्यात सकाळी नर फूल तोडलं, पाकळ्या काढल्या आणि मादी फुलात हळूच फिरवलं. आज फुलामागची गाठ लिंबाएवढी झाली आहे. सांगायला धावत आत आली — चिखलाच्या पायांनी, नुकत्याच पुसलेल्या फरशीवरून. मी ओरडायला तोंड उघडलं आणि तिचा चेहरा पाहून मिटलं. बारा वर्षांच्या पोरीने परागीभवन स्वतःच्या हाताने केलं! याहून वेगळी शाळा कसली असते?

धाकट्या प्रतीक्षाने लगेच त्याला नाव देऊन टाकलं, गोलू. नाव दिलं की भाजी करता येत नाही, हे तिला कोंबडीच्या वेळी समजावलं होतं. उपयोग शून्य.

आमच्या नगरकडे याला लाल भोपळा म्हणतात. पण लग्न होऊन अमरावतीत इतकी वर्षं झाली, आता माझ्याही तोंडात कोहळंच येतं.

२८ सप्टेंबर, रविवार

अकोल्याहून बाबांचा फोन, जूनपासून तोच विषय. बाबा म्हणजे माझे सासरे, नवऱ्याचे, कुलदीपचे बाबा — निवृत्त हेडमास्तर, आवाज अजून वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. "साधना, पोरीले घरी किती दिवस ठेवतं तू? दिवाळीनंतर माह्याजवळ पाठव. आमच्या शाळेत मी बोलून ठेवलं आहे."

नाकाला मिरच्या झोंबल्या! दुसरीत असताना हीच अपेक्षा रोज सकाळी शाळेच्या नावाने उलटी करायची. तेव्हा बाबा म्हणाले होते, सवय होईल. मी नोकरी सोडली, दोघींना घरी शिकवायला घेतलं, आणि आता कुठे गाडी रुळावर आली तर हे!

कुलदीप नेहमीप्रमाणे दोन्ही डगरींवर हात ठेवून. शेवटी ठरलं असं — चर्चमधल्या हंगामाच्या सणाला बाबांना बोलवायचं. त्यांनी येऊन अपेक्षाचं शिक्षण पाहायचं. नंतर ते म्हणतील तसं. "बाबा म्हणतील तसं" हे कुलदीपचं वाक्य आहे, माझं नाही.

ठीक आहे. येऊ देत. दाखवते.

५ ऑक्टोबर, रविवार

सणाची तारीख चर्चमध्ये जाहीर झाली, ९ नोव्हेंबर. प्रत्येक घराने आपलं पहिलं पीक वेदीपुढे ठेवायचं, उपासना झाली की अंगणात त्याचा लिलाव. आम्ही दरवर्षी बाजारातून केळी विकत आणून ठेवायचो. देवाला काय कळत नाही! यंदा आमचं कोहळं. अपेक्षाच्या हातचं. आणि बाबा पहिल्या रांगेत बसलेले.

मी गाणं म्हणत भांडी घासली. प्रतीक्षा म्हणाली, "मम्मी, हळू."

१४ ऑक्टोबर, मंगळवार

गोलू आता कळशीएवढा. वेल भिंतीवर चढवला आहे, कोहळं वर लटकतं. अपेक्षाने त्याच्याखाली जुन्या ओढणीची झोळी बांधली. रोज त्याचा घेर मोजते, आलेख काढते. पाटी, पट्टी, बाग — गणित आणि विज्ञान एकाच जागी. बाबांना हा आलेखही दाखवायचा.

संध्याकाळी दोघी फाटकाशी उभ्या होत्या. शाळेच्या ऑटोतून शेजारची पोरं उतरत होती, एकमेकांच्या पाठीवर दप्तरं मारत. मी हाक मारली, आल्या.

२५ ऑक्टोबर, शनिवार

घोटाळा. मोठा घोटाळा!

झोळी फाटली. कोहळ्याच्या वजनाने वेल भिंतीवरून घसरत खाली आला. कोहळं फुटलं नाही, देठही शाबूत. पण बसलं कुठे — कोपऱ्यात!

कोपरा म्हणजे आमच्या बागेतला तो विटांनी आखलेला तुकडा. जुलैत प्रार्थनेच्या वेळी मोशेचा नियम वाचला होता, शेताचा कोपरा कापू नये, तो गरिबासाठी आणि परक्यासाठी सोडावा. मी वाचून पुढे गेले. या दोघींनी त्याच दुपारी विटा मांडल्या! तेव्हापासून त्यात जे उगवतं ते पार्बताबाईचं. पार्बताबाई टोपली घेऊन दारावर भाजी विकायला येतात, राजापेठेकडे जाताना कोपऱ्यातली अंबाडी, मेथी खुडून नेतात. मीच चारचौघींत मिरवलं होतं की बघा, आमच्या घरी वचन नुसतं वाचत नाहीत, जगतात.

आता अपेक्षा कमरेवर हात ठेवून उभी. "मम्मी, हे आता आपलं नाही."

"अगं, मूळ आपल्या बाजूला आहे."

"पण कोहळं कोपऱ्यात आहे."

२६ ऑक्टोबर, रविवार

कुलदीपला मध्यस्थ केलं. म्हणाला, "उचलून इकडे ठेव, झालं." अपेक्षाने दाखवलं, वेल ताणलेला आहे, उचललं तर देठ तुटतो आणि कोहळं कोवळं राहतं. मग म्हणाला, "दोघी ठरवा." आणि पेपर वाचायला बसला. या माणसाला देव न्यायाच्या दिवशी काय विचारेल कोण जाणे.

३० ऑक्टोबर, गुरुवार

पोरी आंघोळीला गेल्या होत्या. मी बागेत गेले. चार विटा उचलल्या आणि दोन वीत पलीकडे मांडल्या. माती नीट दाबली, वरून पाणी मारलं. कोहळं आता आमच्या बाजूला.

काय बिघडलं? कोपरा आमचा, विटा आमच्या. पोरीचं घरी राहणं एका कोहळ्यावर टांगलेलं आहे, हे तिला कुठे कळतं.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळच्या प्रार्थनेत आज वाचायची पाळी अपेक्षाची. तिने स्वतः शोधून काढलेलं वचन वाचलं. शेजाऱ्याच्या शेताची मेर सरकवू नये, वाडवडिलांनी घातलेली खूण हलवू नये. वाचून झाल्यावर माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. खाली मान घालून "आमेन" म्हणाली.

गुरूची विद्या गुरूला!

१ नोव्हेंबर, शनिवार

विटा परत जागेवर. मीच ठेवल्या.

८ नोव्हेंबर, शनिवार

बाबा सकाळच्या गाडीने आले. मी आलेख, वह्या, प्रयोगाच्या बाटल्या सगळं टेबलावर मांडून ठेवलं होतं. त्यांनी चष्मा पुसला, आलेख पाहिला, "हं" म्हणाले. या "हं"वर अकोल्यात पिढ्या नापास झाल्या आहेत.

तेवढ्यात फाटकातून हाक, "भाजी घेता का वं बाई." अपेक्षा पार्बताबाईंचा हात धरून त्यांना कोपऱ्याकडे घेऊन गेली. आम्ही सगळे मागे.

"आजी, हे तुमचं."

"माय वं. येवढं मोठं कोहळं मले कावून देऊन राहिली तू?"

"कोपऱ्यात आलं म्हणून."

"अन् तुमच्या सणाले देवापुढं काय ठेवसान?"

"मिरच्या आहेत."

पार्बताबाई माझ्याकडे पाहत राहिल्या. "न्या" म्हटलं. अपेक्षाने देठ विळ्याने कापला, दोन्ही हातांनी उचलून टोपलीत ठेवलं. प्रतीक्षाने गोलूची पापी घेतली आणि भोकाड पसरलं.

बाबा अंगणात उभे राहून हे सगळं पाहत होते. त्यांनी अपेक्षाला विचारलं, "आईनं सांगितलं होतं का द्यायले?" ती म्हणाली, "नाही." मग माझ्याकडे एकदा बघून म्हणाली, "म्हणजे, वाचायला तिनंच शिकवलं."

बाबा बराच वेळ फाटकाशी उभे होते. मी चहा नेला तर कप हातात घेऊन प्यायचं विसरले.

९ नोव्हेंबर, रविवार

काय दिवस! वेदीपुढे लोकांची ज्वारीची कणसं, केळीचे घड, संत्र्यांच्या टोपल्या. त्यात आमची वाटीभर लवंगी मिरची. मला वाटलं, जमीन दुभंगावी.

आणि लिलावात बाबांनी मिरचीवर बोली लावली! मंडळीतल्या चंदाबाईंनी वाढवली, बाबांनी आणखी वाढवली. पाळकसाहेब हसू आवरत "एक वार, दोन वार" करत होते. सगळं अंगण टाळ्या वाजवत होतं. चंदाबाई दमल्या, बाबा दमले नाहीत. ज्या माणसाला पित्तामुळे फोडणीची मिरचीसुद्धा चालत नाही, तो माणूस वाटी छातीशी धरून अपेक्षाशेजारी येऊन बसला.

मी रडत होते आणि हसत होते. कुलदीपने रुमाल दिला. वापरलेला होता, तरी घेतला.

१० नोव्हेंबर, सोमवार

बाबा परत गेले. जाताना मी वाकून पाया पडले, तर म्हणाले, "अकोल्याचं मी काही म्हणत नाही आता. चांगलं शिकवलं तू पोरीले, माह्या शाळेत इतकं शिकवता आलं नसतं." मी उडायचीच बाकी होते. मग ऑटोत बसता बसता म्हणाले, "फक्त एकदा तिले इचार. तिचं तिले इचार."

विचारायचं काय त्यात! जिंकलो!

११ नोव्हेंबर, मंगळवार

शिरा केला. नवीन वर्षाचं वेळापत्रक आखलं — भूगोलासाठी मेळघाट, इतिहासासाठी अचलपूर, बागेत यंदा वाटाणा. कुलदीप म्हणाला, "श्वास घे." नाही घेत.

१२ नोव्हेंबर, बुधवार

विचारलं. खरं तर तिच्या तोंडून ऐकायला मजा येईल म्हणून विचारलं.

अपेक्षाने हातातली वही मिटली. मग म्हणाली, "मम्मी, आजोबांना फोन मीच केला होता. जूनमध्ये. मला शाळेत जायचं आहे. तुला वाईट वाटेल म्हणून आजोबा म्हणाले, मी हे माझ्या नावावर घेतो."

म्हणजे इतके महिने बाबा माझे टोमणे खात होते, ते हिच्यासाठी! तोंडचं पाणी पळालं. मग शाळेत जाता यावं म्हणूनच कोहळं दिलंस का, विचारलं.

"नाही. ते कोहळं खरंच पार्बताआजीचं होतं."

पोर खोटं बोलत नाही. स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं. मग बाहेर येऊन सांगितलं, अकोला नाही, इथेच, राजापेठेतल्या शाळेत, सोमवारी दोघी जाऊन विचारू. ती अशी नाचली की प्रतीक्षाही कारण न कळता नाचायला लागली. मलाही हसू आलं.

डब्यात काय देऊ, विचारलं.

म्हणाली, "सगळ्यांचा असतो तसाच."