धनुष्कोडीहून परत येताना

तंजावूर,
ता. २१ जानेवारी २०२६

श्रीमती विहीणबाईंना चंद्रमतीचा सविनय नमस्कार.

इकडे सगळे खुशाल आहोत. थंडीत तुमचे गुडघे दुखतात असं तुमची नंदिता सांगत असते, त्यावर कापराचं तेल लागू पडलं का ते कळवा. तीन वर्षांनी माझं पत्र बघून तुम्हाला नवल वाटेल. लग्नात आमचं तंजावरी मराठी ऐकून तुमच्याकडच्या पोरींना हसू आवरेना, ते मला आठवतं. कागदावर ते जरा सरळ चालतं. देवनागरी मला माझ्या आईनं शिकवली. तुमच्या मुलीखेरीज या घरात ती कोणाला येत नाही.

पोंगलच्या सुट्टीत आम्ही रामेश्वरला जाऊन आलो. साधं जाणं नव्हे, कॅरव्हॅन घेऊन. नंदितानं ती तिरुच्चीहून भाड्यानं आणली. आत पाच माणसं निजतील एवढी जागा, एक ओटा, छोटा फ्रिज आणि मुख्य म्हणजे संडास. यांना साखरेचा आजार, दर तासाला गाडी थांबवावी लागते, म्हणून गेली दोन वर्षं आम्ही कुंभकोणमच्या पुढे गेलो नव्हतो. हे तिनं कधी लक्षात ठेवलं, कधी चौकशी केली, कोणाला पत्ता नाही. एका सकाळी दारात गाडी उभी आणि ही सासऱ्यांना म्हणते, "मामा, चढा. आता तुम्हाला कुठे थांबा म्हणायला लागणार नाही."

गाडी तिनंच चालवली. तुमच्या जावयानं, प्रवीणकुमारनं, पुदुक्कोट्टैजवळ एकदा चालवायला घेतली, पण ती लांबलचक गाडी मागे घेताना त्याला घाम फुटला. तेव्हापासून तो शेजारी बसून मोसंबी सोलत होता. पांबनच्या पुलावर वारा असा की गाडी कडेला ढकलली जायची. मी डोळे मिटून घेतले. नंदिता शांत. आपल्या नातीला, साईप्रियाला, खिडकीतून खालच्या होड्या मोजायला सांगून तिनं पूल पार केला. पोर मराठीत तेवीसपर्यंत मोजते, पुढे तमिळ. तेवीससुद्धा तुमच्या मुलीनं शिकवले.

दुसऱ्या दिवशी सायकली. बेटाच्या टोकाला, अरिचल मुनैला, शेवटचा पाच किलोमीटरचा सरळ रस्ता आहे, दोन्ही अंगांना समुद्र. धनुष्कोडीच्या पडक्या देवळापाशी गाडी लावली. हे आत कॉफी घेऊन बसले. मी पण बसणार होते. पण लहानपणी तिरुवैयारूला मी शाळेत सायकलनं जात असे, हे मी नंदिताला कधीतरी सांगितलं होतं. तिनं चार सायकली आणल्या होत्या. माझी बुटकी, पुढे टोपली असलेली. म्हणाली, "अम्मा, दहा मिनिटं चालवा. नाही जमलं तर मी तुम्हाला ढकलत आणीन." तुम्हाला ती आई म्हणते, म्हणून मला अम्मा. पहिल्याच आठवड्यात तिनं ते ठरवून टाकलं होतं.

जमलं. साडीचा पदर खोचून त्रेसष्टाव्या वर्षी मी टोकापर्यंत गेले. साईप्रिया पुढे, "पाटी, सीक्रम वा", आजी लवकर ये, म्हणून हाका मारत. टोकाला लोक आपल्या गेलेल्या माणसांसाठी पाणी सोडत होते. नंदिता एकटी खाली उतरली. गुडघाभर पाण्यात उभी राहिली आणि ओंजळीनं तीनदा पाणी सोडलं. कोणासाठी ते मी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती.

परत येताना वारा वाढला होता, उजवीकडून आडवा. प्रवीण आणि साईप्रिया पुढे निघून गेली. माझं चाक डगमगायला लागलं तशी नंदिता माझ्या उजव्या हाताला आली आणि वाऱ्याच्या बाजूनं, माझ्या चालीनं चालवू लागली. वारा तिच्यावर, मी तिच्या आडोशाला. अर्धा रस्ता आम्ही तशा आलो. मग मला पुढे चालवेना. दम लागला असं तिला वाटलं. दम नव्हता लागला, विहीणबाई.

हे सगळं मी तुम्हाला सांगते आहे, कारण तुमची मुलगी कशी आहे ते तुम्हाला कळावं. आणि आतापर्यंत इकडचं तिकडचं लिहीत राहिले, कारण पुढचं लिहायला हात धजत नाही.

तीन वर्षांपूर्वी, तिरुक्कडैयूरला यांच्या साठीचं लग्न होतं, तुमच्याकडे साठीशांत करतात तसं इकडे नवराबायकोचं पुन्हा लग्न लावतात, त्या सकाळी नंदिताचा फोन खोलीतल्या बॅगेत होता. तुम्ही मला फोन केलात. सहा वाजून बारा मिनिटं झाली होती. तुम्ही भाऊसाहेबांबद्दल म्हणालात, "यांना अतिदक्षता विभागात ठेवलंय, नंदिताला लगेच पाठवा." मी म्हणाले, हो, सांगते.

मी सांगितलं नाही. नवं लुगडं नेसून ती यांच्यासाठी हार ओवत होती. सुनेशिवाय विधी अडेल, आलेले दोनशे लोक काय म्हणतील, दवाखान्यात डॉक्टर आहेत, दोन-तीन तासांनी काय होतं, असं मी मनाशी म्हटलं. तुमचा दुसरा फोन आला तो मी उचलला नाही. मुहूर्त साडेदहाला आटपला. तरी पंगती उठेपर्यंत, साडेबारापर्यंत, मी थांबले आणि मग आत्ताच फोन आला असं सांगितलं. तिरुच्चीहून अकराचं विमान तोवर गेलं होतं. ते मिळालं असतं तर ती पाचला सांगलीत असती. भाऊसाहेब सातला गेले. ती पोचली ती दुसऱ्या दिवशी दुपारी, सगळं झाल्यावर.

तुम्ही तिला विचारलंत, सकाळी कळवलं होतं ना? ती म्हणाली, कार्यक्रम चालू होता, निघता आलं नाही. मी तिच्या शेजारी उभी होते. गप्प राहिले. वर्षश्राद्धाला तुम्ही तिला "आता कशाला आलीस" म्हणालात, ते ऐकूनही गप्प राहिले. दुःखात ती काहीतरी बोलून गेली, तिला ठाऊकच नाही, असं मी मनाला सांगत राहिले.

त्या रस्त्याच्या कठड्यावर बसून मी तिला सगळं सांगितलं. तिनं ऐकलं. सायकल स्टँडवर लावली, माझीही लावली, मग म्हणाली, "मला माहीत आहे, अम्मा. त्या दिवशी तिकीट मी तुमच्याच फोनवरून काढलं. आईचा फोन दिसला. सहा बारा. चार मिनिटं बोलणं झालेलं."

"मग आईला का नाही सांगितलंस?"

"बाबा गेले होते. त्यात ती तुमच्याशी भांडत बसली असती. मला याच घरात राहायचं होतं." मग म्हणाली, "पहिलं वर्षभर मी तुमच्यावर फार रागावलेली होते. तुम्हाला कळलं नाही, कारण मी बोलत होते. मग साईप्रियाला डेंगी झाला. नऊ दिवस तुम्ही तिच्या उशापासून हलला नाहीत. त्यानंतर राग धरून ठेवणं जमेना. विसरले मात्र नाही."

मी तिचे हात धरले. ती रडली नाही, मी रडले. तिनं मला पाणी दिलं. मी म्हटलं, "मी तुझ्या आईला लिहिते." ती म्हणाली, "लिहा असंही म्हणणार नाही, नको असंही नाही. ते तुमचं आहे." आणि सायकल हातात धरून माझ्याबरोबर गाडीपर्यंत चालत आली.

घरी आल्यावर मी यांना सांगितलं. त्यांना देवनागरी येत नाही, म्हणून वरचं सगळं वाचून दाखवलं. ते बराच वेळ अंगणात फेऱ्या मारत राहिले. मग आत येऊन म्हणाले, "माझ्या लग्नासाठी तिचा बाप तिला दिसला नाही. पाठव." त्यानंतर ते माझ्याशी कामापुरतंच बोलताहेत. ते बरोबरच आहे.

विहीणबाई, मी क्षमा मागत नाही. मागायचा अधिकार मला नाही आणि द्यायची तुमच्यावर सक्ती नाही. माझ्यावर जो राग काढायचा तो काढा, पत्रानं काढा, इथे येऊन काढा, मी समोर बसेन. पण तीन वर्षं तुम्ही जो राग तिच्यावर केलात तो तिचा नव्हता. बापाला शेवटचं न बघता आलेली मुलगी तुमच्या दारात उभी होती आणि तुम्ही तिला दोषी धरलंत, कारण मी खोटं बोलले होते आणि तिनं ते खोटं स्वतःवर घेतलं होतं.

अशी मुलगी तुम्ही आणि भाऊसाहेबांनी वाढवलीत. माझ्या घरात ती दहा वर्षं आहे, आणि तिच्यासारखं माणूस मी पाहिलं नाही. हे मी तुम्हाला लग्नानंतरच लिहायला हवं होतं.

पत्र पोचलं की मला फोन करू नका. आधी तिला करा. शाळेत शिकवून ती साडेचारला घरी येते.

तुमच्या मुलीची सासू,
चंद्रमती