बायाचा खुबा

वलवण, ४ ऑगस्ट २०२५

चि. प्रतीक्षा हिस सप्रेम जयभीम. वि. वि.

फोनवर तू हसून विषय बदलतेस, म्हणून कागद धरला. माझ्या आणि कामावरच्या आपल्या बायाच्या खुब्यात तुमच्या प्रयोगशाळेतला नवा, खडबडीत लेपाचा सांधा बसणार होता. सिमेंट नको, हाडच लेपात वाढून त्याला धरतं, हे तूच बायाच्या अंगणात बसून पटवलंस. मला लगेच पटलं. गुळगुळीत खांबावर गिलावा टिकत नाही, आधी छिन्नीने टोचावा लागतो. जन्मभर तेच केलं.

परवा डॉक्टर म्हणाले, तुम्हाला जुनाच, सिमेंटात बसवायचा. बायाला मात्र नवाच. कारण काय, तर माझं वय! बाया माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. नर्सबाई बोलून गेल्या की पुतणीचा फोन आला होता. कुठंतरी पाणी मुरतंय, पोरी. लेपात काय खोट आहे ते खरं लिही.

लोभ आहेच, त्याला संशयाची वाळवी लागू देऊ नकोस.

तुझा काका,
सीताराम

पिंपरी, ८ ऑगस्ट

ती. काकांना सविनय जयभीम.

तुम्ही गवंडी कमी, फौजदार जास्त! लेपात खोट नाही. मेंढ्यांच्या हाडात तो घट्ट बसलाय, चाचण्या मीच केल्या. पण माणसांत हे पहिलंच वर्ष. दहा वर्षांनी सुटेल का, कुणालाच ठाऊक नाही. बाबा गेल्यावर तुम्हीच मला वाढवलंत. नव्या सांध्याच्या यादीत तुमचं नाव पाहून मी घाबरले आणि काढायला लावलं. बायामावशीच्या संमतीच्या फॉर्मवर हे सगळं छापलेलं आहे.

पत्र वाचून फाडून टाका. काठीशिवाय अंगणात उतरू नका. माया असू द्या.

तुमची,
प्रतीक्षा

वलवण, ११ ऑगस्ट

चि. प्रतीक्षा हिस जयभीम.

तुझी माया कळली, आणि तिचाच राग आला. बायाने वीस वर्षं माझ्या हाताखाली घमेली वाहिली. तिचा खुबा माझ्याच भिंतींपायी झिजला. फॉर्म वाचलास का, असं तिला विचारलं. म्हणाली, मला कुटं वाचाया येतंय भाऊ, पोरगी आपली हाय, ती वंगाळ कशाला सांगंल.

नवा घ्यायचा की जुना, हे तिचं ती ठरवेल. नवाच घेईल कदाचित, मी अडवणार नाही.

ऑपरेशन सोमवारी आहे. तू रविवारी ये. तुझं पत्र मी फाडलेलं नाही. आधी बसली होतीस त्याच अंगणात बसून ते तिला मोठ्याने वाचून दाखव.

मग जेवायला घरी ये. काकी वाट पाहील.

तुझा काका,
सीताराम