डावीकडे गाणी, उजवीकडे बोलणं

३ नोव्हेंबर, सोमवार
कॅसेटी आल्या. म्हणजे कॅसेटी होत्या तशा परत, आणि त्यांच्यातलं सगळं एका हार्ड डिस्कवर. मीरा रोड स्टेशनजवळचा दुकानदार: "आंटी, फाइल बहुत भारी है, टीवी पे नहीं चलेगी. कन्वर्ट करना पड़ेगा." म्हटलं, वो मैं कर लूँगी, और आंटी मत बोलो. लगेच 'मॅडम'वर आला.
ह्यांची पंच्याहत्तरी २३ ला, नवघर रोडच्या हॉलवर. तिथे अर्ध्या तासाची फिल्म दाखवायची, जुन्या व्हिडिओंतून निवडून. ती मी करणार. अमेय बंगळुरूहून म्हणतो, "आई, कुणाकडून तरी करून घे ना." नाही. बत्तीस वर्षं विम्याच्या ऑफिसात काढली, एवढं जमेल.

४ नोव्हेंबर, मंगळवार
अमेयने फोनवर शिकवलं. तासाभराची एक कॅसेट म्हणजे तेरा जीबी. कन्वर्ट केली की एकाच्या आत. बाकीचं गेलं कुठे? "डोळ्याला कळणार नाही ते सगळं टाकून देतं ते." कोण ठरवतं काय कळणार नाही ते? "आई, प्लीज."
माणूस हलला की कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा येतात. त्या घालवायचं बटण सापडलं. हॉलवाल्याला पेन ड्राइव्ह हवा, आणि त्यावर चार जीबीच्या वरची फाइल चढत नाही. ठीक. आटोक्यात आहे.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
सगळ्या व्हिडिओंवर गाणी! त्या वेळचे व्हिडिओवाले मिक्सिंग करून द्यायचे, त्याचेच आपण वर पैसे मोजायचो. अमेयच्या मुंजीत गुरुजी तोंड उघडतात आणि सिनेमातली बाई गाते. माझे बाबा काहीतरी सांगून हसताहेत, काय ते कळत नाही.
हे मागे उभं राहून बघत होते. "मी किती बारीक होतो गं." झालं, एवढंच.

९ नोव्हेंबर, रविवार
आज ह्याच घराच्या वास्तुशांतीची कॅसेट लावली. भाईंदरला राहायला आलो ते वर्ष. अमेय चौथीत.
गंमत झाली. हे झोपले होते म्हणून इयरफोन लावला. त्याचा डावा कान बंद पडलाय. उजव्यात गाणंच नाही! भांड्यांचे आवाज, कुणाचा खोकला, सगळं जसंच्या तसं. अमेयला लगेच फोन. म्हणाला, "मिक्सिंगवाल्याने गाणी एका बाजूला टाकलीत आणि मूळ आवाज दुसऱ्या बाजूला तसाच ठेवलाय. तू कन्वर्ट करताना फक्त उजवी बाजू घे, झालं."
इतकं सोपं. उद्या पहिल्यापासून ऐकायची. बाबांचा विनोद आता ऐकू येईल.

१० नोव्हेंबर, सोमवार
लिहून ठेवते. नंतर मलाच खोटं वाटेल.
पहिली पंगत बसलेली. व्हिडिओवाला जेवायला गेला असणार, कॅमेरा स्टँडवर तसाच चालू. समोर स्वयंपाकघराचं दार, सासूबाई खाली बसून केळीची पानं पुसताहेत. हे शेजारी, पानं हातात देताहेत. डाव्या बाजूला ह्यावर सनईची धून आहे. उजव्या बाजूला हे:
सा.बा.: तिला जाऊ दे रे नाशिकला. मी आहे ना. अमेय माझ्यापाशी राहील.
हे: तू मध्ये पडू नकोस. सांगितलंय मी तिला, आईला झेपत नाही म्हणून.
सा.बा.: माझं नाव कशाला सांगितलंस?
हे: तुझं नाव घेतलं की विषय संपतो. मी नको म्हटलं तर महिनाभर भांडेल.
सा.बा.: म्हणजे शिव्या मला.
हे: मनात देईल. तोंडावर नाही देणार.
आणि हसले. मग कुणीतरी "अहो, पानं आणा" ओरडलं, हे उठले. सा.बा. बराच वेळ तेच एक पान पुसत राहिल्या.
तीनदा ऐकलं. मग कुकर लावला.

११ नोव्हेंबर, मंगळवार
वास्तुशांतीच्या सुमारास मला ऑफिसर म्हणून बढती आली होती. पोस्टिंग नाशिक, दोन-तीन वर्षं. रात्री हे म्हणाले होते, "माझं काही नाही गं, पण आई म्हणते तिला झेपणार नाही. म्हाताऱ्या माणसाला कसं दुखवायचं?" त्यावर मी नकार कळवला. पुन्हा विचारणा झाली नाही. मी ट्रेनिंग दिलेली मुलगी माझी साहेब झाली, मी तिच्या सहीसाठी फायली नेत राहिले.
सा.बा.शी वाकडं वागले नाही कधी. औषध वेळेवर, पथ्याचं वेगळं, शेवटचं दुखणंही मीच काढलं. पण जरुरीपेक्षा एक शब्द जास्त बोलले नाही. त्या गेल्या तेव्हाही मनात तेच होतं, नाशिक. ह्यांनी बघितलंय ते सगळं. वर्षानुवर्षं, रोज, ह्याच घरात. वर बायकोबद्दल लोकांना सांगायचे, "हिचा स्वभावच कडक."

१३ नोव्हेंबर, गुरुवार
कुंदाला फोन केला. नणंद, पण माझ्या मैत्रिणीसारखी. सरळ विचारलं, नाशिकचं तुला माहीत होतं?
म्हणाली, "वहिनी, आई म्हणाली होती मला. दादाने बजावलं होतं, घरात वाद नको."
म्हटलं, मग इतकी वर्षं माझ्याकडून सा.बा.ंच्या तक्रारी कशा ऐकून घेतल्यास?
"काय करू? आईच म्हणायची, बोल मला लागू दे, त्यांचं नीट चालू दे. जाऊ दे ना वहिनी, आता कशाला उकरायचं? पंच्याहत्तरी तोंडावर आलीय. दादाचं बीपी..."
माझं बीपी कुणी विचारलं नाही.
आणि सा.बा. तरी! तोंड होतं की त्यांना. दुपारी दोघीच असायचो घरात. एक वाक्य पुरलं असतं. तिघांनी मिळून मला सांभाळलं. मला, जी स्वतःला घरातली कारभारीण समजत होती.

१६ नोव्हेंबर, रविवार
काम थांबवलेलं नाही. मुंज झाली, साखरपुडा झाला, गणपती झाले. सगळीकडे गाणी काढून मूळ आवाज ठेवला. बाबांचा विनोद ऐकला. खास नव्हता.
ह्यांनी विचारलं, "बोलत का नाहीस?" म्हटलं, काम आहे. "तूही ना, एखादी गोष्ट हातात घेतलीस की..." पेपर घेऊन गॅलरीत गेले. खाली भाजीवालीशी हिंदीत गप्पा. हसण्याचा आवाज वर येत होता. तेच हसणं. बदललं नाही अजिबात.
वास्तुशांतीचे दोन तुकडे करून ठेवलेत. एकात पूजा, पंगत, मंडळी. दुसऱ्यात फक्त स्वयंपाकघराचं दार.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
अमेयला सांगितलं. ऐकवलं नाही, नुसतं सांगितलं. तो लगेच, "आई, तू नाशिकला गेली असतीस तर मी काय केलं असतं?" पन्नाशीकडे चाललेला माणूस हे विचारतो. म्हटलं, आजीने सांभाळलं असतं, ती तयार होती, तेच तर सांगतेय. "बाबांना वाटलं असेल गं त्या वेळी..." बाबांना काय वाटलं ते मला पाठ आहे.
मग दबक्या आवाजात, "हॉलमध्ये दाखवणार नाहीस ना?"
पहिल्यांदा मनात आलं ते तेव्हा. त्याने विचारलं म्हणून.

२० नोव्हेंबर, गुरुवार
दिवसभर तेच. ऐंशी माणसं. सगळ्यांना माझ्याकडून सा.बा.ंबद्दल कधी ना कधी काही ऐकायला मिळालंय. निदान माझ्या तोंडावरून वाचता आलंय. त्यांच्यासमोर खरं यायला नको? येऊ दे की. एकदा तरी.
पण मग लोक ह्यांच्याकडे बघतील, आणि माझ्याकडेही. ही बघा, नवऱ्याच्या वाढदिवसाला. पुन्हा कडक मीच.
ह्यांना आधी ऐकवायचं. काय म्हणतात ते बघायचं. नुसतं 'चुकलो' म्हणाले तरी तुकडा पुसून टाकीन. हे ठरलं.

२२ नोव्हेंबर, शनिवार
सकाळी बोलावलं. नवा हेडफोन घातला त्यांच्या कानांवर, आवाज मोठा केला. समोर बसून तोंड बघत राहिले.
पहिल्या वाक्यालाच हात वर केला, थांब, बोलू नकोस अशा अर्थाने. मी बोलतच नव्हते. डोळे भरून आले. मला वाटलं, कळलं.
संपल्यावर हेडफोन काढला, चष्मा पुसला. म्हणाले, "आईचा आवाज गं. विसरलोच होतो मी, कशी बोलायची ते."
मी थांबले. पुढे येईल म्हणून.
"हे टाकच तू उद्या. सगळ्यांना ऐकव. कुंदा तर रडेल बघ."
म्हटलं, तुम्ही काय बोलताय ते ऐकलंत? नीट?
"हो गं, ऐकलं की. पानं पुसत होतो ना आम्ही." आणि दाढी करायला गेले. शीळ वाजवत.
ऐकू आलं नाही म्हणावं, तर आईचा शब्द न् शब्द ऐकू आला. मग ऐकून काही वाटलंच नाही? की आठवतच नाही? माझी बढती त्यांच्या लक्षात राहण्यासारखी गोष्टच नव्हती? ह्या तिन्हींत बरं कुठलं, मला ठरवता येईना.
अमेयचं विमान संध्याकाळी. कुंदाचा मेसेज: "वहिनी, फिल्म झाली का? दादा म्हणतो आईचा आवाज आहे म्हणून!" म्हणजे तिलाही स्वतःच कळवून मोकळे.
दुपारी फिल्म कन्वर्ट करायला लावली. तो तुकडा मधोमध ठेवलाय, त्यांनीच सांगितलं तसा. उजवी बाजू, पूर्ण आवाजात.
पट्टी अर्ध्यावर आलीय. 'रद्द करा' तिच्या शेजारीच आहे. बाहेर हे उद्याचा कुर्ता कुठला, विचारताहेत.