दंडातला उंदीर

प्रिय दादा,

पत्र बघून दचकू नकोस, बाबा बरे आहेत. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हा कागद.

त्यांच्या उजव्या हाताला व्यायाम द्यायला एक बाई येतात. अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून तो हात नुसता मांडीवर पडून असतो. काल बाई बोलता बोलता ‘मसल’ म्हणाल्या आणि बाबांमधला इंग्रजीचा मास्तर जागा झाला. जीभ अडखळते, तरी समजावलंच: मसल म्हणजे मुळात लॅटिनमधला ‘छोटा उंदीर’. दंड फुगवला की कातडीखाली उंदीर पळाल्यासारखा दिसतो, म्हणून. बाई हसल्या. मला काही हसू येईना.

आठवतं ना? बाबा हेच सांगत बाही वर सारून दंडातला उंदीर नाचवायचे आणि आपण दोघं त्याला पकडायला झटायचो. तुझ्या काडीसारख्या हातात उंदीर यायचाच नाही, तू रडकुंडीला यायचास. मग सातवीत, त्यांच्याच वर्गात, ‘मसल’वर दहा ओळी लिहा असा दहा मार्कांचा प्रश्न आला आणि तू दहाच्या दहा ओळी उंदरावर खरडल्यास. तो कुठे झोपतो, काय खातो, सगळं. बाबांनी भोपळा दिला, वर ते वर्गात वाचून दाखवलं. शब्दाचं मूळ वेगळं आणि अर्थ वेगळा, हे त्यांचं बरोबरच होतं. पण त्या दिवशी तू जेवला नाहीस, ते मी पाहिलं होतं.

आठ वर्षांपूर्वी बॅग उचलताना तू म्हणालास, या घरात मला कायम शून्यच मिळालं. बाबा पेपर वाचत राहिले. मीही गप्प बसले, त्याची मला अजून लाज वाटते.

आज सकाळी त्यांनी कपाटाच्या खालच्या खणातली फाइल काढायला लावली. तुझी ती उत्तरपत्रिका त्यांनी इतकी वर्षं जपून ठेवली होती. लाल पेन उजव्याच हातात हवं, हा हट्ट. बाई नको नको म्हणत होत्या, मी एकेक बोट मिटवून दिलं. बराच वेळ काही झालं नाही. मग दंडात काहीतरी हललं, दादा, मी डोळ्यांनी पाहिलं. त्यांनी शून्याच्या आधी एक वाकडीतिकडी उभी रेघ ओढली, घामाघूम होऊन मागे टेकले आणि म्हणाले, त्याला पाठव.

उत्तरपत्रिका सोबत घातली आहे. मार्क बघ, आणि ये.

तुझ्या मागेमागे फिरणारी, तुझीच
शेपूट