आमचा प्रभाग सुखी झाला त्याची हकिकत

ती. सौ. ताईस,

धाकट्या भावाचा, कंबर परवानगी देईल तेवढा वाकून नमस्कार. (पूर्ण वाकलो तर उठवायला माणूस लागतो, आणि ही बाहेर गेली आहे.) तुझं पत्र पोचलं. भाऊजींचा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिने चढू नका म्हणून सांगितलंय आणि तुम्ही राहता तिसऱ्या मजल्यावर. म्हणजे त्यांना एकतर घराबाहेर पडू नका किंवा घरी येऊच नका, असं सांगितलंय. त्यातलं तुला कुठलं सोयीचं पडेल ते तूच ठरव. थोरलीची परीक्षा चांगली गेली असेल. इकडे आम्ही सगळे सुखी आहोत. हे मी रीत म्हणून लिहीत नाही. नगरपालिकेने तसं जाहीर केलं आहे, कोपऱ्यावर भलामोठा फलकही लावला आहे, आणि त्यापायीच माझी नोकरी गेली आहे.

आता सगळं पहिल्यापासून सांगतो, म्हणजे तुला मध्येच भाजी करपल्यासारखं उठावं लागणार नाही. बाटल्यांचा कारखाना बंद पडला तेव्हापासून मी घरी होतो हे तू जाणतेसच. तिथे माझं काम म्हणजे उजेडासमोरून सरकणाऱ्या बाटल्यांकडे बघत बसायचं आणि तडा दिसला की ती बाटली उचलून बाजूला टाकायची. उभा जन्म यात गेलेला माणूस बाहेर कुणाच्या कामाचा? (ही म्हणते, माझ्या माहेरच्या माणसांतले दोष काढायला अजून उपयोगी पडतो.) माझ्याबरोबर भट्टीवालाही घरी बसला. तो तुला आठवेल. आई गेली तेव्हा माझ्यासोबत आला होता आणि कुणाशी एक शब्द न बोलता सगळ्यांसाठी पाणी भरत होता. कारखान्याची मोठी भट्टी त्याच्या ताब्यात असे. ती कधी विझू द्यायची नसते, म्हणून हा गृहस्थ स्वतःच्या घरी पाहुण्यासारखा जाऊन यायचा. शेवटी ती विझवायचं कामही त्याच्याच नशिबी आलं. पुढच्या वर्षी त्याची बायको गेली. मूलबाळ नाही.

तर आमच्यासारख्यांसाठी नगरपालिकेने रोजगार, कौशल्य आणि कल्याण असं तिहेरी केंद्र काढलं. जागा मिळाली ती बंद पडलेल्या पोहण्याच्या तलावाची, आणि पाणी काढून टाकलेल्या त्या तलावातच वर्ग भरू लागले. उथळ बाजूला मुलाखतीत कसं बसावं ते शिकवायचे आणि खोल बाजूला संगणक. (संगणक एक आणि आम्ही डझनभर. माझ्या वाट्याला एकच अक्षर आलं, ते मात्र मी आता डोळे मिटून दाबू शकतो.) मुलाखतीत हसतमुख असावं असं शिकवणाऱ्या बाईंनी आम्हा सगळ्यांना रांगेत उभं करून हसायला लावलं, आणि आमचं हसणं पाहून, उद्यापासून नुसतं नीट बघा म्हणाल्या. भट्टीवाल्याला केक भाजायच्या वर्गात घातलं, कारण त्याच्या अर्जात आगीचा अनुभव असल्याचं लिहिलं होतं. केकच्या भट्टीवरचा आकडा बघून तो म्हणाला, एवढ्यावर तर आम्ही जेवणाचा डबा गरम करायचो. मग त्याने ती आपल्या मनाजोगती तापवली. केकचा कोळसा झाला आणि अग्निशमन दलाला बऱ्याच दिवसांनी काम मिळालं, म्हणजे योजनेतला रोजगाराचा भाग त्या दिवशी तरी पार पडला. पण गडी चिकाटीचा. पुढे पुढे फार सुंदर केक भाजायला लागला. स्वतः खायचा नाही, जिन्यातल्या पोरांना वाटायचा. बायको गेल्यापासून मी त्याला तेवढेच दिवस दाढी केलेला पाहिला.

मला मात्र खरीखुरी नोकरी लागली. हुद्दा कल्याणदूत. गळ्यात बिल्ला, खांद्याला पिशवी, आणि घरोघर जाऊन विचारायचं की एक ते दहामध्ये तुम्ही किती सुखी आहात. कुणी तीन किंवा त्याखाली सांगितलं की त्याच्या घरी केंद्राचा डॉक्टर जायचा, त्याला वर्गात जागा मिळायची आणि शिकत असेपर्यंत महिन्याचा भत्ता. योजना वाईट नव्हती, ताई. केंद्राच्या मॅडम (वयाने तुझ्या थोरलीपेक्षा थोड्याच मोठ्या) मनापासून राबत होत्या, त्यांना मी नावं ठेवणार नाही. अडचण निराळीच आली. निम्म्या लोकांनी आकडा सांगितलाच नाही, ते म्हणाले, चाललंय. आता चाललंय म्हणजे किती? मी मॅडमना विचारलं. त्यांनी वरच्या साहेबांना विचारलं. आठवड्याने उत्तर आलं की सुस्कारा टाकून म्हटलं तर चार आणि न टाकता म्हटलं तर सहा धरावेत. तेव्हापासून मी दारात उभा राहून लोकांचे सुस्कारे ऐकत असे. (दम्याच्या माणसांच्या बाबतीत माझ्याकडून अन्याय झाला असेल.) न्हाव्याने आधी शेजाऱ्याचा आकडा विचारला आणि त्याच्याहून एक जास्त लिहायला सांगितलं. एका घरात नवऱ्याने सात सांगितले आणि आतून बायको म्हणाली, त्यांचे सात असतील तर माझे दोन लिहा, बेरीज तेवढीच राहते. भट्टीवाल्याने दोन सांगितले होते. त्याच दोनावर त्याला केकच्या वर्गात जागा मिळाली होती.

दुसऱ्या फेरीच्या आधी घोळ झाला. मॅडम एकदा सहज म्हणाल्या की आकडे वाढले तर वरच्यांना बरं वाटेल. हे मी घरी सांगितलं. तुझी भावजय ते दुकानाच्या रांगेत घेऊन गेली, आणि रांगेच्या दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत त्याचं असं झालं की आकडा वाढला नाही तर ह्यांना नोकरीवरून काढणार. संध्याकाळी न्हाव्याने मला धीर दिला, आम्ही आहोत म्हणाला. मी त्याला खरं काय ते सांगायला हवं होतं. पण मलाही मनातून वाटत होतं की असेलही तसं, आणि मी दाढी करून घेऊन गप्प घरी आलो.

मग काय विचारतेस, अख्खा प्रभाग सुखात न्हाऊन निघाला. ज्यांचं छप्पर ताडपत्रीवर निभतंय त्या शिंपीणबाईंनी दहा सांगितले आणि अकरा चालतील का म्हणून विचारलं. पाय प्लास्टरमध्ये असलेला एक रंगारी चौकटीला धरून नऊ म्हणाला, आणि तेवढ्यात तोल गेला म्हणून मी त्याला आत नेऊन बसवलं, तरी नऊच म्हणाला. लोक मला पाहून दारात यायचे आणि मी प्रश्न विचारायच्या आतच आकडा सांगून, मुलंबाळं बरी ना तुमची, असं विचारायचे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार असतो ना, तसं हे सुख होतं. फरक एवढाच, की तोंड ज्याचं त्यानेच दाबून धरलं होतं. भट्टीवाला म्हणाला, नऊ. मी त्याला सांगितलं की बाबा रे, नऊ लिहिले तर तुझं नाव वर्गातून जाईल, भत्ता जाईल. त्यावर तो जे बोलला ते मी तसंच लिहितो.

"माझं एकट्याचं काय, कसंही भागतं. तुझ्या घरात चार तोंडं आहेत. लिही नऊ."

मी लिहिले, ताई. पेन माझ्याच हातात होतं.

पुढचं सगळं उतारावरून गाडी सुटावी तसं झालं. तीन किंवा त्याखाली कुणी उरलं नाही म्हणून डॉक्टर रिकामा बसायला लागला. (शब्दकोडी सोडवायचा, आडवे शब्द त्याला चांगले यायचे.) मग तो काढला. गरजू नाहीत म्हणून केकचा वर्ग बंद झाला, मग हसण्याचा, मग संगणकाचा. शेवटी उद्दिष्ट साध्य झालं असं जाहीर करून केंद्रच बंद केलं. मला पत्र आलं की आपल्या उत्कृष्ट कामगिरीमुळे आता आपली आवश्यकता राहिलेली नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, फक्त इथे सगळ्या वस्तीने माझ्यासाठी हात दाखवला होता. मॅडमचीही नोकरी गेली. जाताना त्या मला म्हणाल्या की काका, आपण लोकांचं भलं केलं ना? मी हो म्हणालो. त्यांनाही कुणीतरी नऊ सांगायला हवे होते.

बंद करण्याआधी समारंभ झाला. कोरड्या तलावात खुर्च्या मांडल्या, अध्यक्ष उडी मारायच्या फळीखाली बसले. ज्यांचं सुख सगळ्यांत जास्त वाढलं असे नागरिक म्हणून भट्टीवाल्याचा सत्कार होता, दोनावरून नऊ. त्याला एक छत्री दिली आणि दोन शब्द बोलायला सांगितलं. त्याने छत्री काखोटीला मारली. मग म्हणाला, "सगळं चांगलं आहे. काम असतं तर आणखी चांगलं असतं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. अध्यक्षांनीही वाजवल्या, त्यांना मागून काही ऐकू आलं नव्हतं.

समारंभानंतर त्याने ती छत्री मला देऊन टाकली. मला गंमत वाटली. दोन दिवसांनी त्याने आपला भट्टीपुढचा निळ्या काचांचा चष्मा आणून दिला, तुझ्या मुलाला खेळायला होईल म्हणाला. (माझा मुलगा आता चोवीस वर्षांचा आहे, हे त्याला ठाऊक आहे.) मग कळलं की केकची भांडी खालच्या बाईंना दिली आणि खाट समोरच्या म्हाताऱ्याला. कल्याणदूतांच्या प्रशिक्षणात आम्हाला जे काही शिकवलं त्यातलं मी बरंचसं विसरलो, पण एक गोष्ट लक्षात राहिली आहे. सुखी आहे सुखी आहे म्हणणारा माणूस एकाएकी आपल्या वस्तू वाटायला लागला, तर त्याला एकटं सोडू नका. मी तसाच त्याच्या खोलीवर गेलो. खोली झाडून लख्ख केलेली होती, भिंतीवरचे खिळेसुद्धा काढून ठेवले होते. तो जमिनीवर भिंतीला टेकून बसला होता आणि मला बघून ये म्हणाला. मी त्याच्या शेजारी बसलो. मला भीती वाटली, ताई, अजून वाटते. काय बोलावं सुचेना म्हणून मी हिच्या स्वयंपाकाला नावं ठेवत बसलो आणि शेवटी त्याला घरी जेवायला ओढून आणलं. तेव्हापासून तो आमच्याकडे आहे. डॉक्टरकडे चल म्हटलं तर म्हणतो, मला काय झालंय? सकाळी उठून आधी सगळ्यांचं पाणी भरतो आणि मग, आता निघतो, तुमच्यावर भार नको, असं म्हणतो. रोज काहीतरी निमित्त काढून मी त्याला थांबवतो. काल कपाट हलवायचं होतं, आज ते परत जागेवर ठेवायचं होतं. आता घरात हलवण्यासारखं काही राहिलेलं नाही.

बाकी सर्व ठीक. माझी मुळीच काळजी करू नकोस. भाऊजींना नमस्कार, मुलींना आशीर्वाद.

तुझा,
अजूनही धाकटाच

ता. क. तुझ्या पत्रातल्या मुख्य गोष्टीचं उत्तर राहिलंच. भाऊजींच्या लॉन्ड्रीत बॉयलरवर माणूस हवा आहे आणि ती जागा तू माझ्यासाठी धरून ठेवली आहेस, हे वाचून डोळ्यांत पाणी आलं. पण मला आगीतलं काय कळतं? मी तडे बघणारा माणूस. ती जागा मला नको. ज्याला द्यायची तो कोण, हे तुला कळलंच असेल.

ता. क. २. हे मी हिला अजून सांगितलेलं नाही. तिचं पत्र आलं तर उत्तरात भाऊजींना दुसरा कुणी मिळाला असं कळव. ती मला चार दिवस बोलेल, ते मी बघून घेईन.

ता. क. ३. हे पत्र घेऊन तोच आला आहे, दारात उभा असेल. त्याला एकट्याला सोडलं नाही, गाडीत मुलगा सोबत आहे. पण मुलगा लगेच उलट फिरेल, त्याला थांबवू नकोस. याला कसे आहात म्हणून विचारू नकोस, आधी जेवायला वाढ. एक-दोन दिवसांनी भाऊजींच्या ओळखीच्या डॉक्टरला घरीच बोलाव आणि गुडघा दाखवायचाय म्हणून सांग. पत्रात काय आहे ते त्याला माहीत नाही. काम फार तातडीचं आहे आणि टपालाचा भरवसा नाही, तेव्हा ताईच्या हातचं उत्तर घेतल्याशिवाय परत येऊ नकोस, असं मी त्याला बजावून पाठवलंय. दुसऱ्याचं काम अर्धवट टाकून तो कुठेही जाणार नाही, हे मला पक्कं माहीत आहे. तेव्हा ताई, उत्तर लिहू नकोस. रोज सकाळी त्याला सांगत जा, आज जमलं नाही, उद्या लिहिते.